आघात-प्रतिबलमापन

आघात-प्रतिबलमापन : स्फोट, वेगवान प्रक्षेप्याचा आदळ किंवा तत्सम कारणाने पदार्थावर अत्यल्प काळात प्रचंड भार आला असता त्याच्या अंतर्भागात उत्पन्न होणारे प्रतिबल (एकक क्षेत्रफळावर कार्य करणारी अंतर्गत प्रेरणा) मोजण्याच्या तंत्राला आघात-प्रतिबलमापन म्हणतात. यासाठी पदार्थाच्या नमुन्यातच एक अतिशय पातळ मापक बसवितात. त्यावरून आघात तरंग जाताना मापकाच्या एखाद्या विद्युतीय गुणधर्मात जो बदल होतो, त्यावरून प्रतिबल ठरवितात. अशा मापकास अंतःस्थापित मापक म्हणतात. चिलखती पत्रे, स्फोटक द्रव्ये, खडक, काँक्रीट, मृत्तिका-द्रव्ये (सिरॅमिके) व बहुवारिके यांच्या अभ्यासात हे तंत्र वापरले जाते.

आघातभाराचे स्वरूप : स्थिर भाराखाली पदार्थाच्या सर्व भागांना भाराची जाणीव होऊन समतोल साधण्यास भरपूर अवधी मिळतो. यंत्रावर पोलादी कांब ताणण्याच्या परीक्षेत हा अवधी काही मिनिटांचा असतो. भूकंपात भार सेकंदाच्या काही दशांश भागात बदलतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेला, सु. ६·३ महत्तेचा व कोल्हापूर, पुणे, मुंबई येथपर्यंत जाणवलेला कोयनेचा भूकंप या प्रकारच्या भाराचे परिचित उदाहरण आहे. कोयनेच्या १०३ मी. उंचीच्या धरणात तरंगास पायापासून माथ्यापर्यंत जाण्यास सेकंदाचा काही शतांश भागच लागतो. त्यामुळे भूकंपात सर्व धरण एकत्रितपणे दोलन पावते व त्यातील प्रतिबले त्या दोलनावरून काढता येतात. आघातभाराची गोष्ट वेगळी आहे. यात दाब मायक्रोसेकंदाच्या (सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या) काही अंशातच शून्यापासून कमालमूल्यापर्यंत चढतो. पदार्थाचा एक भाग पूर्णपणे संकोचित झालेला असताना त्याच्या लगतचा भाग अद्याप स्तब्ध असतो आणि या दोहोंमधील सीमा पदार्थातून पुढे सरकत जाते. ही सीमा म्हणजेच आघात तरंगाग्र होय.

यातील प्रतिबलांची मूल्येही नेहमीच्या अनुभवाबाहेरची असतात. ती गिगापास्कालमध्ये सांगतात. १ गिगापास्काल म्हणजे सु. १०,००० वातावरणांइतका दाब होय. महासागराच्या सर्वांत खोल भागातील पाण्याचा दाब सु. ०·११ गिगापास्काल असतो, तर टीएनटी या स्फोटकाच्या विस्फोटात सु. २० गिगापास्काल इतका दाब निर्माण होतो. कोणत्याही धातूच्या नेहमीच्या बलापेक्षा हे मूल्य कितीतरी जास्त आहे.

मूलभूत संबंध : आघात तरंगाग्राच्या दोन्ही बाजूंच्या स्थितींमधील संबंध द्रव्यमान, संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेच्या नियमांवरून मिळतात. ते स्कॉटिश अभियंते विल्यम जॉन मॅक्कॉर्न रँकिन (१८७०) व फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर आंरी ह्यूगोन्यो (१८८७–८९) यांनी स्वतंत्रपणे मांडले. संवेगाच्या अक्षय्यतेवरून प्रतिबल = मूळ घनता × तरंगाचा वेग × कणवेग असा साधा संबंध मिळतो. येथे कणवेग म्हणजे तरंग पुढे गेल्यावर प्रत्यक्ष पदार्थास प्राप्त झालेला वेग होय.

उदा., तांब्याची चकती तांब्याच्याच स्थिर नमुन्यावर सेकंदास ५०० मी. वेगाने सपाट आदळली, तर दोन्हींची द्रव्ये सारखी असल्याने कणवेग आदळवेगाच्या निम्मा, म्हणजे सेकंदास २५० मी. होतो. या स्थितीत तांब्यातील आघात तरंगाचा वेग सेकंदास सु. ४·३१ किमी. असतो. तांब्याची घनता दर घ. सेंमी. ला ८·९३ ग्रॅ. धरल्यास प्रतिबल सु. ९·६ गिगापास्काल येते आणि तांब्याचे घनफळ सु. ६ टक्क्यांनी कमी होते. नमुना १० मिमी. जाडीचा असेल, तर तरंग तो सु. २·३ मायक्रोसेकंदांत ओलांडतो. म्हणजे या प्रयोगात जे काही मोजावयाचे ते एवढ्याच अवधीत मोजावे लागते.

अशा सपाट आदळीत, कडेकडून येणारे विरलन तरंग मध्यभागी पोहोचेपर्यंत पदार्थास बाजूंना पसरण्यास वाव मिळत नाही. संकोच केवळ तरंगाच्या दिशेनेच होतो. या स्थितीस एकाक्षीय विकृती म्हणतात. हिच्यात तरंगाच्या दिशेतील (अनुदैर्घ्य) प्रतिबल व तिला काटकोनात असणारे (पार्श्विक) प्रतिबल ही समान नसतात. त्यांच्यातील फरकाचा निम्मा भाग म्हणजे पदार्थातील कमाल कर्तन प्रतिबल होय. पदार्थ आघाताखाली किती बळकट राहतो, याचे ते माप असते.

घन पदार्थात पुष्कळदा एकाऐवजी दोन तरंग निर्माण होतात. प्रथम स्थितिस्थापक तरंग पुढे जातो व त्यामागून अधिक मंद गतीचा आकार्य (कायमचे रूपांतर घडविणारा) तरंग येतो. स्थितिस्थापक तरंगाच्या कमाल प्रतिबलास ह्यूगोन्यो स्थितिस्थापक मर्यादा म्हणतात. पदार्थात प्रावस्थांतर होत असल्यास आणखी एक तरंग वेगळा होतो. लोखंडातील १३ गिगापास्काल दाबास होणारे स्फटिकरचनेचे प्रावस्थांतर १९५६ मध्ये अशा विभागलेल्या तरंगांवरूनच प्रथम उघडकीस आले. अशा प्रकारे प्रतिबलाचा केवळ कमाल आकडा मिळून भागत नाही. ते काळानुसार कसे चढले, किती वेळ टिकले व कसे उतरले, याचा संपूर्ण आलेख मिळणे आवश्यक असते.

मापक आत बसविण्याचे कारण : नमुन्याच्या मागील मुक्त पृष्ठावर बाहेरचा भार नसल्याने तेथे पृष्ठाला लंब असलेले प्रतिबल शून्यच असते. तरंग तेथे पोहोचताच परावर्तित होऊन पृष्ठाचा वेग कणवेगाच्या जवळजवळ दुप्पट होतो. हा वेग मोजून आतील प्रतिबलाचे अनुमान करता येते परंतु त्यासाठी पदार्थाचे गुणधर्म आधीच ठाऊक असावे लागतात. ज्या पदार्थाचे वर्तन अज्ञात आहे, त्याच्या बाबतीत हा युक्तिवाद चक्राकार होतो. शिवाय पदार्थात भोके, भेगा किंवा रासायनिक विक्रिया असल्यास तरंग पुढे जाताना बदलत जातो व पृष्ठावर केवळ त्याचे अंतिम रूप दिसते. मापक आतच असल्यास प्रतिबल जागच्या जागी कळते, तसेच निरनिराळ्या खोलींवर अनेक मापक बसवून तरंगाचे रूप कसकसे बदलले, हेही कळते.

काँक्रीटच्या धरणांतही मापक पुरून ठेवण्याची प्रथा आहे. अमेरिकन अभियंते रॉय कार्लसन यांनी १९३० च्या सुमारास तयार केलेला ताणलेल्या तारांचा विकृतिमापक यासाठी प्रसिद्ध आहे. मात्र असा मापक तापमान, पाण्याचा भार व काँक्रीटचे आकुंचन यांमुळे होणारे संथ बदल वर्षानुवर्षे नोंदवीत राहतो. आघातमापकाचे सर्व आयुष्य काही मायक्रोसेकंदांचे असते. नमुन्याबरोबर तोही नष्ट होतो. त्यामुळे त्याचे अंशन (मापनपट्टी निश्चित करणे) त्याच मापकावर करता येत नाही. त्याच प्रकारच्या दुसऱ्या मापकांवर ते आधी करावे लागते आणि सर्व मापक एकसारखे आहेत या विश्वासावर पुढील मापने अवलंबून राहतात.

मँगॅनीन मापक : अंतःस्थापित मापकांत हा सर्वाधिक प्रचारात आहे. मँगॅनीन ही सु. ८४ टक्के तांबे, १२ टक्के मँगॅनीज व ४ टक्के निकेल असलेली मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत् मापन उपकरणांसाठी तयार केली. नेहमीच्या तापमानाच्या आसपास तिचा विद्युत् रोध तापमानाबरोबर जवळजवळ बदलत नाही. दाबाबरोबर मात्र तो निश्चितपणे वाढतो. या गुणाचा उपयोग अमेरिकन भौतिकीविज्ञ पर्सी विल्यम्स ब्रिजमन (१९४६ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी) यांनी १९११ पासून द्रवातील उच्च स्थिर दाब मोजण्यासाठी केला. आघातात पदार्थ तापतोही व दाबलाही जातो. त्यामुळे तापमानाविषयी उदासीन व दाबाविषयी संवेदनक्षम अशी ही मिश्रधातू आघातमापनासही सोयीची ठरली. इंग्लंडमध्ये पी. जे. ए. फुलर व जे. एच. प्राइस यांनी १९६२ मध्ये आणि अमेरिकेत डी. बर्नस्टाइन व डी. डी. कीओ यांनी १९६४ मध्ये आघाताखालील मँगॅनिनाच्या वर्तनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा मापक रूढ झाला.

काही गिगापास्कालांपलीकडे मँगॅनिनाच्या रोधात दर गिगापास्कालास सु. २·५ ते २·९ टक्के वाढ होते. वर दिलेल्या तांब्याच्या उदाहरणात रोध सुमारे एक-चतुर्थांशाने वाढेल. ही वाढ सहज मोजता येण्याजोगी आहे. नेमका गुणांक मिश्रधातूचे प्रमाण, पत्रा लाटण्याची व तापवून मऊ करण्याची पद्धत आणि मापकाचा आकार यांवर थोडाफार अवलंबून असल्याने प्रत्येक उत्पादनासाठी तो स्वतंत्रपणे ठरवितात.

मापक सामान्यतः मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या पत्र्यातून नागमोडी जाळीच्या किंवा सरळ पट्टीच्या आकारात कोरून काढतात. नमुन्याचे दोन तुकडे घासून अगदी सपाट करतात व मापक त्यांच्यामध्ये एपॉक्सी रेझिनाने चिकटवितात. नमुना धातूचा असल्यास मापकाच्या दोन्ही बाजूंस अभ्रक, टेफ्लॉन किंवा अन्य निरोधकाचा पातळ थर द्यावा लागतो. मापकास सहसा चार तारा जोडतात. दोन तारांतून स्थिर विद्युत् प्रवाह पाठवितात व उरलेल्या दोहोंमधील विद्युत् दाब वेगवान दोलनदर्शकावर नोंदवितात. प्रवाह सतत ठेवल्यास पातळ पत्रा तापून वितळेल, म्हणून तो आघातापूर्वी किंचित आधी सुरू करून काही थोडे मायक्रोसेकंदच देतात. त्याचा प्रारंभ येणारे प्रक्षेप्य स्पर्शाने जुळविणाऱ्या विद्युत् खिळ्यांकडून घडविला जातो. ही वेळ चुकल्यास महिनाभराच्या तयारीचा नमुना नष्ट होतो आणि नोंद मात्र कोरी राहते.

मापक व निरोधक यांचा थर नमुन्याहून वेगळ्या पदार्थाचा असतो. त्यात तरंग अनेकदा पुढे-मागे परावर्तित झाल्यावरच त्यातील प्रतिबल सभोवतालच्या प्रतिबलाइतके होते. एकूण थर ०·१ मिमी. जाडीचा असल्यास यास साधारणपणे ०·१ ते ०·२ मायक्रोसेकंद लागतात. याहून जलद घडणारे बदल आलेखात पुसट होतात. थर पातळ केल्यास प्रतिसाद जलद होतो पण निरोधक फुटून मापक धातूशी जोडला जाण्याचा धोका वाढतो.

इतर मापक : यटर्बियम या धातूच्या रोधाची दाबसंवेदनशीलता मँगॅनिनाच्या अनेकपट आहे. म्हणून कमी प्रतिबलांसाठी ती वापरतात. मात्र सु. ४ गिगापास्काल दाबास तिच्यात प्रावस्थांतर होत असल्याने त्यापुढे ती निरुपयोगी ठरते. कार्बनाच्या मापकाचा रोध दाबाबरोबर घटतो व तोही कमी प्रतिबलांसाठीच उपयुक्त असतो.

काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत् भार निर्माण होतो. हा दाबविद्युत् परिणाम प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. त्यावर आधारलेला क्वॉर्ट्झ मापक अमेरिकेतील आर्. ए. ग्रॅहॅम, एफ्. डब्ल्यू. नीलसन व डब्ल्यू. बी. बेनेडिक यांनी १९६५ मध्ये पूर्णत्वास नेला. यास बाहेरून प्रवाह द्यावा लागत नाही व त्याचा प्रतिसाद अत्यंत जलद असतो. परंतु तरंग स्फटिक ओलांडेपर्यंतच त्याची नोंद विश्वसनीय असते. क्वॉर्ट्झातील तरंगवेग सेकंदास सु. ५·७ किमी. असल्याने ५·७ मिमी. जाडीच्या चकतीपासून केवळ एका मायक्रोसेकंदाची नोंद मिळते. पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइड या बहुवारिकातील तीव्र दाबविद्युत् गुण जपानी शास्त्रज्ञ हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवून दिला. त्याच्या पातळ पटलांपासून पुढे फ्रान्समध्ये फ्रांस्वा बाउअर यांनी एकसारख्या प्रतीचे आघातमापक विकसित केले.

कणवेग मोजणारा विद्युत् चुंबकीय मापकही नमुन्यातच बसवितात. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यातील बारीक धातुपट्टी पदार्थाबरोबर पुढे सरकू लागली की, तिच्या टोकांमध्ये क्षेत्र, लांबी व वेग यांच्या गुणाकाराइतका विद्युत् दाब उत्पन्न होतो. ०·१ टेस्ला क्षेत्रातील १० मिमी. लांबीची पट्टी सेकंदास २५० मी. वेगाने सरकल्यास हा दाब ०·२५ व्होल्ट येतो. या मापकास अंशनाची गरज नसते, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र नमुना विद्युत् निरोधक असावा लागतो. त्यामुळे स्फोटक द्रव्ये, बहुवारिके व खडक यांसाठी तो सोयीचा व धातूंसाठी निरुपयोगी आहे.

अनेक मापकांच्या नोंदींचे विश्लेषण : दोन मापकांमध्ये ५ मिमी. अंतर असून तांब्यातील तरंग त्यांच्याकडे १·१६ मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोहोचला, तर त्याचा वेग सेकंदास ४·३१ किमी. येतो. यात ०·०१ मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर वेगात सु. १ टक्का चूक येते. म्हणून मापकांमधील अंतर व चकतीचा आदळताना होणारा तिरपेपणा यांवर कडक नियंत्रण ठेवावे लागते. जी. आर्. फाउल्स व आर्. एफ्. विल्यम्स यांनी १९७० मध्ये अशा नोंदींपासून अधिक माहिती मिळविण्याची पद्धत दिली. तीत निरनिराळ्या खोलींवरील आलेखांतील समान अवस्था एकमेकींशी जोडतात आणि अक्षय्यतेचे नियम लावून प्रतिबल, कणवेग व घनता यांतील संबंध काढतात. पदार्थाविषयी आधी कोणतेही गृहीत न धरता त्याचे वर्तन यातून थेट प्रयोगावरून कळते.

स्फोटक द्रव्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पद्धत महत्त्वाची आहे. स्फोटकावर बाहेरून आघात झाला, तर प्रथम मर्यादित प्रतिबलाचा तरंग आत शिरतो. विक्रियेची ऊर्जा त्यास मिळू लागल्यास खोलीनुसार मापकांवरील प्रतिबल वाढत जाते व अखेरीस विस्फोट होतो. ऊर्जा अपुरी पडल्यास तरंग विरून जातो. कोणत्या आघातापर्यंत द्रव्य शांत राहील, हे साठवण व वाहतूक करणाऱ्यांच्या जिवाशी निगडित असल्याने मापनातील चूक येथे केवळ शास्त्रीय उणीव राहत नाही.

चुकीची कारणे : मापक मुळात स्वतःत झालेला बदल दाखवितो, सभोवतालच्या पदार्थातील प्रतिबल नव्हे. हा फरक दृष्टीआड झाल्यास निष्कर्ष फसतात. मँगॅनीन स्वतः आकार्यपणे विरूपित होते व त्याचे कार्यदृढीकरण होते. त्यामुळे भार पूर्णपणे उतरल्यावरही त्याचा रोध मूळ मूल्यावर येत नाही. ही शिल्लक वाढ लक्षात न घेतल्यास, प्रत्यक्षात नाहीसे झालेले प्रतिबल अद्याप आहे असे वाटेल. पत्रा ताणला गेल्यास केवळ लांबी वाढल्यानेही रोध वाढतो व तो दाबाचा परिणाम समजला जाण्याचा संभव असतो. पार्श्विक प्रतिबल मोजण्यासाठी मापक तरंगाच्या दिशेला समांतर बसवितात, तेव्हा ही अडचण विशेष जाणवते. इझ्राएलमधील झ्वी रोझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात या मापनाचा पाया घातला. अमेरिकेत एस्. सी. गुप्ता व वाय्. एम्. गुप्ता यांनी ९ गिगापास्कालपर्यंतच्या भारात मँगॅनिनाच्या दोन्ही दिशांतील मापकांचे भार चढताना व उतरतानाचे वर्तन तपासून १९८७ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सर्व दिशांनी सारखा दाब देऊन काढलेला गुणांक आघाताच्या प्रयोगात जसाच्या तसा वापरता येत नाही, हे अशा अभ्यासांवरून स्पष्ट झाले.

याखेरीज अतिउच्च दाबास निरोधकही विद्युत् संवाहक बनू लागतात व मापकाचा प्रवाह बाजूस वळतो. काही बहुवारिके व स्फटिक आघाताखाली स्वतःच विद्युत् संकेत निर्माण करून नोंद दूषित करतात. जोडतारा तुटणे, हा सर्वांत सामान्य दोष होय.

भार देण्याची साधने : समतल आघात तरंग मिळविण्यासाठी भिन्न विस्फोटवेगांची दोन स्फोटके विशिष्ट आकारात जोडून केलेले स्फोटक भिंग वापरतात. अधिक नियंत्रित प्रयोगांसाठी वायुतोफ सोयीची असते. तीत दाबाखालील वायू एकदम मुक्त करून लांब नळीतून प्रक्षेप्य सोडतात. त्याच्या तोंडावर बसविलेली चकती निर्वात कोठीतील नमुन्यावर आदळते. ट्राँबे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ६३ मिमी. व्यासाच्या नळीची वायुतोफ अशा प्रयोगांसाठी उभारण्यात आली. पुणे येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था (स्थापना १९५८) प्रक्षेप्ये व दारूगोळा यांवर, तर पाषाण येथील उच्च-ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळा स्फोटकांवर संशोधन करते. या प्रयोगशाळेची पूर्वीची संस्था १९६० मध्ये पुण्यात आली व १९९५ मध्ये तिला हे नाव मिळाले.

खडक व काँक्रीट : धातूपेक्षा हे पदार्थ मापनास कठीण आहेत कारण ते एकजिनसी नसतात. मापक खडीच्या एखाद्याच तुकड्यावर आला, तर तो त्या तुकड्यातील प्रतिबल दाखवील, काँक्रीटमधील नव्हे. म्हणून मापक खडीच्या आकाराच्या मानाने मोठा घेतात किंवा एकाच पातळीवर अनेक मापक बसवून सरासरी काढतात. सच्छिद्र पदार्थातील पोकळ्या चिरडण्यात ऊर्जा खर्च होऊन तरंग झपाट्याने क्षीण होतो. अर्थात एका खोलीवरील मूल्य दुसऱ्या खोलीस लागू पडत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील काळ्या पाषाणात (बेसाल्टात) हे गुणधर्म प्रत्यक्ष अनुभवास येतात. कोल्हापूर परिसरात विहीर पाडताना किंवा खाणीत सुरुंग उडविला की, भोकाजवळचा खडक दाबाखाली चिरडला जातो. त्यापुढे तरंग संकोचाच्या स्वरूपात मोकळ्या बाजूकडे जातो व तेथून ताणाच्या स्वरूपात परत येतो. खडक दाब पुष्कळ सहन करतो पण ताण फारसा सहन करीत नाही. त्यामुळे मोकळ्या बाजूकडून त्याचे खपले सुटतात. घट्ट बेसाल्टाच्या थरांमध्ये कुहरी (पोकळ्यांचा) बेसाल्ट अथवा तांबड्या मातीचा थर आल्यास तरंगाचा काही भाग त्यांच्या सीमेवरून परावर्तित होतो व सुरुंगाचा अपेक्षित परिणाम होत नाही. कोयना जलविद्युत् प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात १३ मार्च १९९९ रोजी, तसेच पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी, जलाशयाखालील बोगद्याच्या तोंडाशी राखलेला खडकाचा अखेरचा अडसर पाण्याखाली सुरुंगाने उडवून पाणी आत घेण्यात आले. अशा कामात अडसर पूर्णपणे फुटावा, परंतु लगतचा खडक व बांधकाम शाबूत राहावे, या परस्परविरोधी अपेक्षा असल्याने तरंगाच्या क्षीणतेचे ज्ञान निर्णायक ठरते.

राजस्थानातील पोखरण येथे १८ मे १९७४ रोजी शेल व वालुकाश्म यांच्या थरांत १०७ मी. खोलीवर भूमिगत अणुस्फोट चाचणी झाली. स्फोटानंतर खडकात घडलेल्या घटनांचे विवेचन आर्. चिदंबरम्, एस्. के. सिक्का व एस्. सी. गुप्ता यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. अशा गणनांस खडकाचे आघाताखालील दाब-घनता संबंध आधारभूत असतात आणि ते प्रयोगशाळेतील मापनांवरूनच मिळतात.

नैसर्गिक नोंद : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील सु. १·८ किमी. व्यासाचे विवर उल्काघाताने बेसाल्टात निर्माण झाले. तेथे कोणताही मापक नव्हता परंतु खडकातील खनिजांनीच आघाताची नोंद ठेवली आहे. प्लॅजिओक्लेज फेल्स्पाराचे न वितळता काचेत रूपांतर होऊन झालेला मॅस्केलिनाइट हा पदार्थ तेथे आढळल्याचे के. फ्रेड्रिकसन, ए. दुबे, डी. जे. मिल्टन व एम्. एस्. बालसुंदरम् यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले व विवराचे उल्काघाती मूळ प्रस्थापित झाले. हा बदल घडण्यास सु. २० ते ४० गिगापास्काल दाब लागतो, असे प्रयोगशाळेत आघात दिलेल्या बेसाल्टाशी तुलना करून ठरविण्यात आले. मात्र खनिजांवरून केवळ कमाल दाब कळतो. तो किती काळ टिकला व कसा उतरला, हे कळत नाही.

कोयनेच्या भूकंपात याच्या उलट स्थिती होती. धरणातील प्रवेगमापकाने हालचालीची संपूर्ण कालनोंद दिली (धरणाच्या लांबीच्या दिशेतील कमाल प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·६३ पट होता) परंतु काँक्रीटमधील प्रतिबल तीवरून गणितानेच काढावे लागले. अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये केलेल्या विश्लेषणात ज्या पातळीवर धरणाच्या मागील बाजूचा उतार एकदम बदलतो, तेथे ताणप्रतिबल काँक्रीटच्या बलाहून जास्त आले. प्रत्यक्ष तडेही त्याच सुमारास आडवे गेलेले होते. यानंतर धरणास मागील बाजूने आधार देऊन ते बळकट करण्यात आले. गणिताचा मेळ येथे तड्यांशी बसला, कारण पदार्थाचे बल आधी ज्ञात होते. आघाताच्या वेगाने भार येतो तेव्हा हे बलच बदलते आणि ते मोजण्यास नमुन्यात मापक बसविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मर्यादा व पूरक पद्धती : एल्. एम्. बार्कर व आर्. ई. हॉलेनबाख यांनी १९७२ मध्ये विकसित केलेल्या लेसर व्यतिकरणमापकाने पृष्ठाचा वेग स्पर्श न करता व अतिशय अचूकपणे मोजता येऊ लागला. त्यामुळे, तसेच पुढे आलेल्या प्रकाशीय तंतूंवर आधारित पद्धतींमुळे, अनेक प्रयोगांत अंतःस्थापित मापकांची जागा प्रकाशीय मापनाने घेतली आहे. तथापि अपारदर्शक पदार्थाच्या अंतर्भागातील, विशेषतः पार्श्विक प्रतिबलाचे थेट मापन अद्याप मुख्यतः अंतःस्थापित मापकांनीच होते. एकाच प्रयोगात आत मापक व मागील पृष्ठावर लेसर यांची योजना करून दोन्ही नोंदी परस्परांशी ताडून पाहणे इष्ट समजले जाते. दोहोंत विसंगती आढळल्यास दोष प्रथम मापकाच्या बसवणीत शोधतात. तेथे तो न सापडल्यास पदार्थाच्या वर्तनाविषयीची पूर्वीची कल्पना तपासून पाहावी लागते.